खोक्यावर बसलेला शिपाई

नॉटिंगहॅम,
१२ ऑक्टोबर २००९

प्रिय मॅविस,

तुझ्या टेरीच्या अंत्यविधीनंतर मी तुला एकही पत्र लिहिलं नाही. नाताळची कार्डं पाठवली, पण छापील मजकुराखाली नुसतं नाव खरडणं म्हणजे काही पत्र नव्हे. आणि आज लिहायला बसलोय तेही कामासाठी, नको त्या कामासाठी. तेव्हा आधी मला पोटभर शिव्या दे आणि मग पुढे वाच.

गेल्या आठवड्यात ब्रॅकनहॉल कंपनीच्या वरच्या मजल्यावरून मला बोलावणं आलं. वाटलं, म्हाताऱ्याला आता घरी बसवणार. वर कंपनीची वकीलबाई होती, मिस लॅमली. तिने टेबलावर पांढरा रुमाल अंथरला आणि त्यावर धातूचे दोन बोटभर शिपाई ठेवले. एक माझा, त्र्याऐंशी सालचा, 'लढाईनंतर'. तू त्याच्यासारखे हजारो रंगवलेस, तेव्हा तुला तो काय सांगायचा. दुसरा न रंगवलेला, डोक्यावर टोपी नसलेला. दोघेही खोक्यावर बसलेले, दोघांचाही उजवा पाय उचललेला, दोघांचेही हात बुटाला, दोघांचीही मान तश्शीच डावीकडे कललेली.

"हा कोण?" तिने विचारलं.

मी बघताक्षणी ओळखलं, मॅविस. शिपाई नाही, टेरी ओळखला. पण म्हटलं, "माझ्या चष्म्याचा नंबर बदललाय."

डर्बीच्या प्रदर्शनात, टेबलावरच्या लढाया खेळणाऱ्यांच्या गर्दीत, एका स्टॉलवर तो विकायला होता म्हणे. स्टॉलवाल्याने सांगितलं, मेबलथॉर्पच्या मिसेस टॉप्लिस बनवतात, म्हणजे तू. कंपनीला माझा लेखी जबाब हवाय की ही माझ्या शिपायाची नक्कल आहे. घडवला मी, पण तो कंपनीचा. पगारात घडवलेलं सगळं कंपनीचं, हे आपल्याला पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे.

एकच विचारतो. माझा शिपाई घेऊन, टोपी घासून काढून, त्यावरून साचा काढलास का? काढला असशील तर काही मार्ग शोधू. नसशील तरी कळव.

गूज फेअरच्या जत्रेला गेलो होतो. पुदिन्याची चटणी घालून वाटाणे खाल्ले, उभ्याने, एकट्याने. टेरी असता तर माझ्या वाटीतलेही त्यानेच संपवले असते.

तुझा,
नेव्हिल

*

मेबलथॉर्प,
१७ ऑक्टोबर

नेव्हिल,

शिव्या दिल्या. पोट भरलं नाही, पण शेजारीण दारात आली म्हणून थांबले.

तुझं पत्र यायच्या आदल्या दिवशी तुझ्या मिस लॅमलीची नोटीस आली. काय गोड भाषा रे तिची! 'कृपया' म्हणत म्हणत गळा दाबते. सगळे ओतलेले शिपाई द्या, साचा द्या, आणि ज्यावरून साचा काढला तो हिरव्या पुट्टीचा मूळ नमुनाही द्या. म्हणजे टेरीला पाकिटात घाला, वर तिकीट लावा आणि कंपनीला पाठवून द्या.

आणि तू विचारतोस, घासून काढलास का? इतकी वर्षं तुझ्या टेबलाच्या वरच्या मजल्यावर बसून मी रंगकाम केलं. नक्कल करणाऱ्यांना तुझ्यापेक्षा जास्त शिव्या मी दिल्यात. मला ओळखतोस की नाही?

ऐक. टेरी गेल्यावर पहिला हिवाळा मी काय केलं ते मला आठवत नाही. दुसऱ्या हिवाळ्यात कपाटातून त्याचा डबा निघाला, त्यात पुट्टीच्या दोन पट्ट्या, पिवळी आणि निळी. मळून बघितली. हिरवी झाली. रंगकामवालीचे हात ते, त्यांना सांगाड्याची तार माहीत नाही, पुट्टी माहीत नाही. पहिले तीन टेरी बटाट्यासारखे झाले. चौथ्याला खांदे आले. मग कधीतरी एका दुपारी त्याचं नाक आलं, ते वाकडं नाक, आणि मी खुर्चीतून उठून स्वयंपाकघरात जाऊन उगाच किटली ठेवली. पुन्हा बाहेर यायला भीती वाटत होती.

त्याचं जुनं साचा दाबायचं यंत्र गॅरेजात आहे. आता दर शुक्रवारी धातू वितळवते, ओतते, साचा उघडते. पाच-सहा टेरी एकदम निघतात, गरम गरम. बस, तेवढंच. स्टॉलवर दिले ते शेजारणीच्या जावयाने मागितले म्हणून. विकायची मला हौस नव्हती. पण साचा मी देणार नाही. तुझ्या वकीलबाईला सांग, मॅविस टॉप्लिस दाराला कडी घालून बसलीय.

आणि जबाब द्यायचाच असेल तर दे बाबा. नोकरी तुझी आहे.

मॅविस

*

नॉटिंगहॅम,
२९ ऑक्टोबर

प्रिय मॅविस,

ओळखतो. विचारायला नको होतं. चुकलं.

जबाब अजून दिलेला नाही. मी मिस लॅमलीला सांगितलं की तू माझ्या शिपायावरून साचा काढलेला नाहीस. तुझा किंचित मोठा आहे. ओतलेल्या शिपायावरून पुन्हा साचा काढला की पुढचा शिपाई आक्रसून लहानच होतो, मोठा कधी होत नाही. तिने मोजून बघितलं आणि मान डोलावली. मला वाटलं, सुटलो. पण बाई मोठी चिवट.

ती म्हणाली, "नेव्हिल, या बाईंनी तुमचा शिपाई किती वर्षं रंगवला?"

"बारा-तेरा."

"म्हणजे तो त्यांच्या डोक्यात पाठ आहे. समोर ठेवून केली काय किंवा आठवणीतून केली काय, नक्कल ती नक्कलच."

 यावर तुला काही उत्तर सुचलं तर कळव.

खरं सांगायचं तर माझ्या आख्ख्या कामात मला त्या एकाच शिपायाचा अभिमान आहे. बाकी सगळे भाले उगारणारे, ओरडणारे. तो एकटाच दमलेला. आता खाली पोरं संगणकाच्या पडद्यावर शिपाई गरगरा फिरवतात, त्यांना आपला 'थांब'चा नियम सांगितला तर हसतात. ज्याच्या हातात तार, त्याचा हुकूम. तो 'थांब' म्हणाला की समोर कोणीही असो, तार वाकवून होईपर्यंत जागच्या जागी थिजायचं. मालकाला मी एकदा शिंकेच्या आधी थांबवलं होतं, आठवतं? डोळ्यांतून पाणी काढलं बिचाऱ्याने, पण हलला नाही.

त्या दिवशी मी तार घेऊन खाली ओतकामाच्या खोलीत गेलो, तर टेरी धातूच्या खोक्यावर बसून बूट काढत होता. वाटलं, पाळी संपली असेल; चेहरा असा, की याने सगळं जग वाहून आणलंय. म्हटलं, "थांब!" आणि तो थांबला, बूट अर्धा पायात. असा चेहरा मला नंतर कुणाचा मिळाला नाही.

तो चेहरा तुझ्या शिपायाला नाही. हे मी वकीलबाईला सांगितलं नाही, कारण हे मोजून दाखवता येत नाही.

नेव्हिल

*

मेबलथॉर्प,
४ नोव्हेंबर

नेव्हिल,

तुझी ती वकीलबाई मला झोपू देत नाही. नोटिशीचं मला काही वाटलं नव्हतं, पण 'डोक्यात पाठ आहे' हे काळजात रुतलं.

कारण ते खरं असू शकतं. विचार कर. टेरीचे फोटो आमच्याकडे मोजके, तोच नेहमी दुसऱ्यांचे काढायचा. आणि तुझा टेरी मी किती वेळा रंगवला? त्याच्या गालांवर किती वेळा तांबूस रंग चढवला? डोळे मिटले की जो दिसतो तो माझा नवरा, की तुझा शिपाई? मी गॅरेजात बसून ज्याला घडवला, ओठ चावत, रडत, तो जर तुझाच निघाला, तर माझा गेला कुठे? मग माझ्याजवळ त्याचं काहीच उरलं नाही, नेव्हिल. साचा कंपनीला दिला काय आणि ठेवला काय, सारखंच.

हे तुझ्याशिवाय कुणाला कळणार नाही. सोबत एक पाठवतेय, कापसात गुंडाळलाय. भिंगाखाली धर. कंपनीसाठी नाही, माझ्यासाठी बघ. आणि मला बरं वाटावं म्हणून काही बोलू नकोस, तुला खोटं बोलता येत नाही, तुझे कान लाल होतात. पत्रातसुद्धा होतील.

तुझा असेल तर तसं लिही. मी साचा स्वतः कापून टाकीन.

मॅविस

*

नॉटिंगहॅम,
१५ नोव्हेंबर

प्रिय मॅविस,

तुझा आहे.

आता का ते सांगतो. चार दिवस दोघांना खिडकीजवळ उजेडात ठेवून बघत होतो.

मिस लॅमली म्हणते, तू नुसती माझी टोपी काढलीस. पण माझ्या टोपीखाली डोकंच नाही, मॅविस. मला तेव्हा केस जमत नसत, म्हणून मी सगळ्यांना टोप्या घालत असे. टोपीखाली नुसता पुट्टीचा गोळा आहे. तुझ्या शिपायाला माथा आहे. मागे भोवरा आहे, भोवऱ्याभोवती केस विरळ झालेत, आणि उजव्या कानामागे एक बट उभी राहिलीय, झोपून उठल्यासारखी. हे मी कधी पाहिलेलंच नाही. मी टेरीला समोरून बघायचो, त्याच्याइतक्याच उंचीच्या स्टुलावर बसून. तू त्याला वरून पाहिलंस. तो खाली बसलाय आणि तू शेजारी उभी आहेस, असा तो शिपाई आहे. मानेच्या सुरकुत्यासुद्धा नंतरच्या वयातल्या आहेत, माझा टेरी तिशीतला होता. हे तुझ्या घरातलं आहे. माझ्या टेबलावरून तिथे पोचायला वाटच नाही.

साचा कापू नकोस.

आणखी एक गोष्ट सापडली, आणि ती लिहिताना माझे कान खरोखर लाल झालेत. तुझा टेरी एका हाताने टाच धरून दुसऱ्याने पंजा ओढतोय. बूट असाच काढतात. मग मी माझ्या शिपायाचे हात बघितले. त्याची दोन्ही हातांची बोटं बुटाच्या वरच्या कातडी फाशांत अडकलेली आहेत. फासे धरून बूट कोण काढतं? फासे धरून बूट चढवतात! म्हणजे माझा दमलेला, लढाईवरून परतलेला शिपाई बूट घालतोय. सव्वीस वर्षं तो लोकांच्या टेबलांवर बसलाय आणि एकालाही ही चूक दिसली नाही. मलाही नाही. ज्या एका शिपायाचा अभिमान, त्याचेच हात चुकलेले.

असो, चूक आता कामाला येईल. जबाबात तीच लिहिली. माथा लिहिला, मान लिहिली, आणि लिहिलं की हातांत माझी चूक आहे. मिसेस टॉप्लिसनी माझी नक्कल केली असती तर चुकीसकट केली असती, कारण ती कुणालाच दिसत नव्हती. मिस लॅमलीने तीन वेळा वाचलं. वरचे लोक नाराज आहेत. बघू.

तुझा शिपाई अजून खिडकीत आहे. परत पाठवू की राहू देऊ?

नेव्हिल

*

मेबलथॉर्प,
२४ नोव्हेंबर

नेव्हिल,

राहू दे.

तुझं पाकीट फोडलं आणि पहिली ओळ वाचून तशीच किनाऱ्यावर गेले. वारा असा की उभं राहवेना. कुत्रा फिरवणारा एक गृहस्थ म्हणाला, "बाई, बऱ्या आहात ना?" म्हटलं, "माझा नवरा सापडला." तो घाईघाईने कुत्रा ओढत निघून गेला. उरलेलं पत्र घरी येऊन वाचलं.

आता तू खाली बस. ही गोष्ट मी कुणाला सांगायची नाही असं ठरवलं होतं, पण तू जबाबात स्वतःला चुकलेला लिहून मोकळा झालास, मग मला गप्प बसवत नाही.

तुझी चूक झालेली नाही. तुझे हात बरोबर आहेत. टेरी बूट घालतच होता.

तो मला सोडून चालला होता, नेव्हिल. ते साल आमचं फार वाईट गेलं, तुला थोडंफार दिसलं असेल. महिनोन्महिने आम्ही 'मीठ दे' आणि 'दार लाव' याच्यापुढे बोललो नव्हतो. ॲबरडीनला त्याच्या भावाने काम बघून ठेवलं होतं. ओतकामाच्या भट्टीमागे त्याची पिशवी भरून ठेवलेली, ब्रॉडमार्श स्थानकावरून पावणेचारची बस. कुणाला न सांगता पाळी अर्धी टाकून निघाला होता. कामाचे बूट काढून झाले होते, बाहेर जायचे ते उंच बूट चढवत होता, तेवढ्यात तू तार घेऊन आलास आणि म्हणालास, "थांब."

आणि तो मूर्ख थांबला! बायकोला सोडून जाणारा माणूस, पण नियम म्हणजे नियम.

मी चहा घेऊन खाली आले तर तो तसाच बसलेला, एक बूट पायात, एक अर्धा. मी विचारलं, "कुठे निघालास?" म्हणाला, "कुठे नाही. पाय आखडलाय." बस गेलेली होती. संध्याकाळी माझ्याबरोबर घरी आला. मला यातलं काही माहीत नव्हतं. शेवटी इस्पितळात सांगितलं त्याने, छताकडे बघत. मी विचारलं, मग दुसऱ्या दिवशी का नाही गेलास? म्हणाला, "एकदा काढलेले बूट पुन्हा चढवायचा कंटाळा आला." होताच तसा तो. मी हसले, आणि नर्स धावत आली, तिला वाटलं मला काही झालं.

त्या दिवसानंतरची सगळी वर्षं चांगली गेली. सगळी. तुझा शिपाई रंगवत होते तीही. मला ठाऊक नव्हतं की मी त्याला जाताना रंगवतेय. म्हणून स्वतः घडवायला बसले तेव्हा ठरवलं, खोकं तेच, पाय तोच, पण माझा टेरी बूट काढणार. घरी आलेला टेरी.

एक मात्र त्याला शेवटपर्यंत उमगलं नाही, आणि मलाही नाही. तार वाकवायला तुला दहा मिनिटं लागतात. त्या दिवशी तू त्याला पाऊण तास बसवून ठेवलंस. तो म्हणायचा, "नेव्हिलला त्या दिवशी काय झालं होतं कुणास ठाऊक." काय झालं होतं रे?

मॅविस

*

नॉटिंगहॅम,
६ डिसेंबर

प्रिय मॅविस,

आधी कामाचं. कंपनीने मागणी मागे घेतली. पत्र तुला येईलच. साचा, नमुना, सगळं तुझ्यापाशी राहील, फक्त स्टॉलवर विकायचा नाही एवढीच त्यांची अट आहे. तू शुक्रवारी ओतत जा.

माझ्या चुकीची गोष्ट मात्र खालच्या मजल्यावर पसरली. पोरं माझ्यासमोर फासे धरून बूट काढायचं नाटक करतात आणि खो खो हसतात. त्यांना खरं सांगितलं नाही. टेरीची गोष्ट त्यांची नाही. मी चुकलो होतो हेच राहू दे, मला त्याचं काही वाटत नाही. थोडंसं वाटतं.

आता तुझ्या प्रश्नाचं. दोन वेळा उत्तर लिहून फाडलं. हे तिसरं पाठवून टाकतो, मग तू काय ते म्हण.

तार मी दहा मिनिटांतच वाकवली होती. मग सरळ केली. पुन्हा वाकवली, पुन्हा सरळ केली. टेरीच्या पायाला मुंग्या आल्या, तो दातओठ खात होता, घड्याळाकडे बघत होता. मला वाटलं, चहाची वाट बघतोय. कारण मी चहाचीच वाट बघत होतो. चार वाजता तू ट्रे घेऊन ओतकामाच्या खोलीत यायचीस. काम संपलं असतं तर मला तिथे बसायला काही कारण उरलं नसतं. माझं टेबल वर होतं, आणि तिथे चहा दुसरी मुलगी आणून द्यायची. मला तुला बघायचं होतं, एवढंच. त्या वर्षी मी बरीच तार अशीच वाया घालवली.

तू आलीस. ट्रे ठेवलास. मान वाकवून त्याच्याकडे पाहिलंस, आणि विचारलंस, कुठे निघालास. मी तुझ्यापासून हातभर अंतरावर होतो. तू माझ्याकडे बघितलं नाहीस.

तेव्हा मी म्हटलं, "झालं रे टेरी. हल आता."

नेव्हिल